कोऱ्या बटणांचा कीबोर्ड

मात्सुए, ९ मार्च

चि. मादोका,

पत्राच्या सुरुवातीला हवेबद्दल चार शोभिवंत ओळी लिहायच्या असतात. त्या लिहिल्या असं समज आणि पुढे वाच.

तुझं सहा पानी पत्र मिळालं. पहिली दोन पानं वाचताना मला वाटलं, चला, पोरीचं कुठेतरी जमलं. ‘किती शांत, किती हलका, दिवसभर सोबत राहिला तरी शीण म्हणून नाही.’ मी चष्मा पुसून घेतला, चहा टाकला, आणि तिसऱ्या पानावर कळलं की हे सगळं एका कीबोर्डबद्दल चाललंय. चहा तसाच गार झाला.

आता मला नीट समजून घेऊ दे. त्याच्या बटणांवर अक्षरं नाहीत. बाणांची बटणं नाहीत. आकड्यांचा कप्पा नाही. आवाजही नाही. म्हणजे जे जे काढता येईल ते काढून टाकलं, आणि काढल्याबद्दल जास्त पैसे घेतले. उद्या आमच्या कोपऱ्यावरचा मिठाईवाला रिकामा डबा देऊन दुप्पट दाम मागायला लागला, तर त्याला मी तुझा पत्ता देईन. किंमत किती ते मात्र तू लिहिलं नाहीस. सहा पानांत तेवढी जागा उरली नसावी.

मी हे काम सव्वीस वर्षं केलं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी सभेत, दवाखान्यात, शाळेत बोललं जाणारं तिथल्या तिथे लिहून पडद्यावर दाखवायचं. आधी आम्ही पारदर्शक पट्टीवर पेनाने लिहायचो आणि खालच्या दिव्याने हात भाजायचा. मग कीबोर्ड आले. आमच्या मंडळाला एका पतपेढीने टाकून दिलेले मिळाले होते. त्यातल्या एकाचं लांब बटण दाबलं की वरच यायचं नाही, शेजारची बाई ते नखाने उचलायची. त्यावर आम्ही महापौरांची भाषणं लिहिली आहेत. महापौरही मधेमधे अडकायचे, त्यामुळे जमून जायचं.

तू माझ्यामुळे या कामात आलीस असं सगळ्यांना सांगतेस. निदान कीबोर्डबद्दल बोलताना तरी माझं नाव घेऊ नकोस.

तुझी आत्या,
फुमिए

ता. क. मोबाइलवर हसरे चेहरे पाठवणं बंद कर. मला वाक्यं हवीत.


ओकायामा, १७ मार्च

प्रिय आत्या,

इथे हवा छान आहे. बघ, मी तरी एक ओळ लिहिली.

तू कीबोर्डला नावं ठेवशील हे मला ठाऊक होतं. तू भाताच्या कुकरलाही वर्षभर नावं ठेवत होतीस. पण आधी ऐकून घे. मी आठवडाभर विमा कंपनीत टाइप करते आणि शनिवार-रविवार मंडळाचं काम. गेल्या हिवाळ्यात उजवं मनगट इतकं दुखायचं की चॉपस्टिक धरवत नव्हत्या. चौतीस वर्षांची बाई चमच्याने भात खात होती. हा कीबोर्ड आल्यापासून ते थांबलं. बटण अर्धं दाबलं तरी अक्षर उमटतं, बोट आपटावंच लागत नाही.

आणि आवाजाचं तर तू बोलूच नकोस. माझ्या जुन्या कीबोर्डची टकटक एवढी होती की एका देवळातल्या भिक्षूंनी प्रवचन मधेच थांबवून विचारलं, पाऊस लागला का. सगळे हसले आणि मी ते ‘पाऊस लागला का’ पडद्यावरही लिहिलं, कारण लिहावंच लागतं. आता मी लिहितेय हे शेजारच्यालाही कळत नाही. अक्षरं नाहीत म्हणून मान खाली जात नाही, नजर वक्त्यावर राहते. शिवाय कुठलं बटण कुठे हे आपलं आपण ठरवता येतं. ज्या एंटरने वाक्य पडद्यावर जातं, ते मी डाव्या अंगठ्याखाली आणलं. उजव्या करंगळीला जिथे लांब जावं लागायचं तिथे आता खोडायचं बटण आहे. मी हा लॅपटॉपच्या बटणांवरच ठेवते, खालची बटणं बंद करून टाकलीत. एवढासा, सुटसुटीत. वजनाला मात्र विटेसारखा आहे, हे कबूल. किंमत सांगणार नाही.

आणि काय गं, भाजी कापायची सुरी तू लोहाराला हाताचं माप देऊन करून घेतलीस ना? मी एकदा तिला हात लावला तर केवढी ओरडली होतीस!

गेल्या शनिवारी मंडळात सगळ्यांना कीबोर्ड दाखवला. काजितानीबाई, आमच्या प्रमुख, त्यांनी चार शब्द लिहून पाहिले आणि ‘अगंबाई’ म्हणाल्या. उसुइसान म्हणून एक नवीन आहेत, चौसष्ट वर्षांचे. टपालखात्यात पत्रं वेगळी करायचे. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “मला यावर बसावं लागलं तर?” सगळे खो खो हसले. तेही हसले बिचारे. ते चार बोटांनी लिहितात.

एक खरं काम आलंय. २१ मेला एका चौऱ्याऐंशी घरांच्या इमारतीची वार्षिक सभा आहे. तिथे अकुनेबाई राहतात. आधी सहलीच्या बसमध्ये माहिती सांगायच्या, पाच वर्षांपूर्वी ऐकू येणं पूर्ण गेलं. बोलतात मात्र खणखणीत. इमारतीची बेल आणि आगीचा भोंगा बदलायचाय, आणि समितीने नुसता आवाजाचा संच निवडलाय. अकुनेबाईंना लुकलुकणाऱ्या दिव्याचा हवाय. गेल्या शरदात चौथ्या मजल्यावर आग लागली तेव्हा सगळी इमारत खाली उतरली होती आणि त्या वर इस्त्री करत बसल्या होत्या. खिडकीतून बघतात तर शेजारी सपाता घालून रस्त्यावर उभे! म्हणून त्या सभेत उठून बोलणार आहेत. आम्ही तिघं असू: काजितानीबाई, मी, आणि अडीअडचणीला उसुइसान.

तुझी,
मादोका


मात्सुए, ४ एप्रिल

चि. मादोका,

मनगटाचं तू आधी लिहायला हवं होतंस. कीबोर्डचं कौतुक सहा पानं, आणि चमच्याने भात खात होते हे आत्ता सांगतेस. तेवढ्यापुरता मी तुझ्या त्या विटेला एक गुण देते.

आता बाकीचं. सुरीची आणि कीबोर्डची तुलना करू नकोस. सुरीने मी माझा मुळा कापते. वाकडा कापला गेला तर वाकडा खाते. आवाज नाही याचं एवढं कौतुक कशाला? मांजरही आवाज करत नाही, म्हणून कुणी तिला सभेला नेत नाही. अक्षरं नसलेल्या बटणांनी मान ताठ राहते म्हणतेस. मान ताठ राहायला आणखी काही कारणं लागत असतील असं मला वाटतं, विशेषतः मंडळात सगळ्यांना बोलावून दाखवताना. मला तर वाटतं, तू ते अक्षरं नसलेलं घेतलंस कारण ते बघून लोक ‘अगंबाई’ म्हणतात.

त्या उसुइचं मात्र वाचून मीही हसले. ‘मला बसावं लागलं तर?’ त्याला सांग, तशी वेळ कुणी येऊ देणार नाही. चार बोटांनी लिहिणारा बसला काय आणि चहा वाटत फिरला काय. निवृत्तीनंतर घरात बायकोच्या पायात पायात येणारे पुरुष समाजसेवेला निघतात, त्यातला तो दिसतो. आमच्याकडेही असे दोन होते. एक झोपायचा.

अकुनेबाईंचं काम मात्र नीट कर. भोंगा वाजतोय आणि आपण इस्त्री करतोय, हे मला वाचवेना. तुला पहिल्या दिवशी सांगितलेला नियम पुन्हा सांगते. काहीही कारणाने पडदा थांबला, तर हात वर करून सभा थांबवायची. समोर अध्यक्ष असो की मंत्री. लाजायचं नाही.

आत्या


ओकायामा, २२ मे

प्रिय आत्या,

कालची सभा झाली. फारसं बरं झालं नाही. मला लिहिताना एकदम जोराचा ठसका लागला, म्हणून बाजूला व्हावं लागलं. काजितानीबाई नेमक्या सुधारित अंदाजपत्रकाची प्रत आणायला खाली गेल्या होत्या. माझ्या जागी उसुइसान बसले. त्यांना जमलं नाही. साधारण दीड मिनिट पडदा कोरा राहिला आणि नेमकं त्याच वेळी बेलचा विषय मंजूर झाला. अध्यक्षांनी विचारलं, कुणाची हरकत? कुणी काही बोललं नाही, टाळ्या झाल्या, संपलं. अकुनेबाईंना बोलता आलं नाही.

उसुइसान सभेनंतर सगळ्यांपुढे खूप वेळ वाकून उभे होते. “माझी चूक झाली” एवढंच म्हणत होते.

मी फार थकलेय. नंतर सविस्तर लिहीन.

मादोका


मात्सुए, २५ मे

चि. मादोका,

तुझं पत्र वाचल्यापासून मी घरात येरझाऱ्या घालतेय. दीड मिनिट! दीड मिनिटात मी पेनाने पाच ओळी लिहिल्या असत्या, भाजलेल्या हाताने. आणि हे महाशय कीबोर्डसमोर बसून काय करत होते? टपालपेटी शोधत होते?

तुझा ठसका हा काही तुझा गुन्हा नव्हे. पण ज्या माणसाला चार बोटं धड चालवता येत नाहीत, त्याने त्या खुर्चीवर बसायचं धाडस करावंच का? वर वाकून माफी मागितली म्हणे. माफीला काय लागतं? कंबर लागते. अकुनेबाईंच्या घरी आता आग लागली तर हा तिथे जाऊन वाकणार आहे का?

मी गप्प बसले नाही. आजच काजितानीबाईंना पत्र टाकलंय. त्या मला ओळखतात, मीच त्यांना शिकवलं होतं. स्वच्छ लिहिलंय की या कामात चांगला स्वभाव पुरत नाही, हात लागतो, आणि ज्याला हात नाही त्याला घरी पाठवणं हीच दया. तुझ्याबद्दल लिहिलं की ती माझी भाची आहे म्हणून सांगत नाही, पण तिच्या जागी दुसरी कुणी असती तर असंच झालं असतं.

तू जेवतेस ना? मनगट कसं आहे?

तुझी आत्या


ओकायामा, १९ जून

आत्या,

तीन आठवडे मी तुला पत्र लिहून फाडतेय.

तुझं पत्र काजितानीबाईंनी मासिक बैठकीत मोठ्याने वाचलं. थोरांचा सल्ला म्हणून. उसुइसान गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. वाचून झाल्यावर ते म्हणाले, “बरोबर आहे,” आणि ओळखपत्र टेबलावर ठेवून गेले. पुढच्या रविवारी माझ्या दारात उभे. सूट घातलेला, हातात मिठाईचा डबा, वर माफीची चिठ्ठी. मंडळातल्या प्रत्येकाच्या घरी ते असे जाऊन आले. मी तो डबा घेतला, आत्या. दोन्ही हातांनी घेतला, वाकले, आणि “तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका” असं म्हणाले. दार लावून घेतलं आणि तिथेच जमिनीवर बसले.

त्यांना लिहिता येत नव्हतं असं नव्हतंच. ते माझ्या जागी आले ते माझ्या कीबोर्डवर. कोरी बटणं. तरी त्यांनी हळूहळू लिहिलं. ‘बेल आणि भोंग्याच्या विषयावर कुणाची हरकत आहे का?’ हे वाक्य त्यांनी पूर्ण लिहिलं होतं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग एंटर असतं तिथे दाबलं. तिथे मी खोडायचं बटण ठेवलं होतं. ते दाबत राहिले आणि एकेक अक्षर खोडलं जात राहिलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा दाबलं. मग त्यांनी कीबोर्ड उचलला आणि खालच्या लॅपटॉपच्या बटणांवर लिहायला गेले. ती मी बंद केली होती.

मी त्यांच्यापासून चार हातांवर खिडकीशी होते. ठसका तोवर थांबला होता. मला सगळं दिसत होतं. मी हात वर करायला हवा होता. नाही केला. का, ते सांगते. दोनच महिन्यांपूर्वी मी सगळ्यांना जमवून तो कीबोर्ड दाखवला होता. त्यांनी तेव्हाच विचारलं होतं आणि मी हसले होते. आता भर सभेत हात वर करून काय सांगणार होते? की माझं बटण भलत्या जागी आहे? मला वाटलं, एवढ्यात सापडेल त्यांना. तेवढ्यात टाळ्या वाजल्या. मग मी धावत जाऊन पुढचं वाक्य लिहिलं आणि अंगठ्याने एंटर दाबलं. पडद्यावर आलं, ‘पुढचा विषय, सायकली ठेवायची जागा.’

उसुइसानांना अजून वाटतं की त्यांनी घाबरून काहीतरी चुकीचं दाबलं. तुला मी जे लिहिलं त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. तसंच लिहिलं होतं मी ते, मुद्दाम.

मादोका


मात्सुए, २७ जून

मादोका,

मी परवा ओकायामाला येऊन गेले. तुझ्या घरी आले नाही. तुझं तोंड बघायची इच्छा नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझं तुला दाखवायची त्याहून नव्हती.

काजितानीबाईंकडून उसुइसानांचा पत्ता घेतला आणि तिथूनच त्यांच्याकडे गेले. बायकोने सांगितलं, ते घरी नाहीत, अकुनेबाईंच्या इमारतीत असतील. रोजच जातात. मला वाटलं, तिथेही वाकायला. गेले, तर साहेब चौथ्या मजल्यावरच्या जिन्यात, हातात फळी आणि तिला लावलेला कागद. इमारतीतल्या पाचांतल्या एका घराने सही केली तर पुन्हा सभा घ्यावी लागते, हे त्यांनी ग्रंथालयात बसून कायद्याच्या पुस्तकातून काढलं होतं. सतरा सह्या लागतात. बावीस झाल्या होत्या. मी विचारलं, “मग अजून का फिरताय?”

म्हणाले, “सही करून मागे घेतात लोक. पाच जास्तीच्या असू द्या. आपण कोण?”

मी म्हटलं, “ते पत्र लिहिणारी.”

त्यांनी फळी काखेत घेतली आणि वाकून नमस्कार केला. मग काय म्हणाले ठाऊक आहे? “तुमचं अक्षर फार सुंदर आहे. काजितानीबाईंनी दाखवलं. आमच्या खात्यात अशी पाकिटं आली की आनंद व्हायचा.”

मादोका, मला आयुष्यात पुष्कळ लोक पुष्कळ टाकून बोललेत. यापुढे ते काहीच नव्हतं, आणि ते बिचारे टाकून बोलतही नव्हते.

तिथेच जिन्यात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तुझं आणि माझंही. न बघता, न विचारता, एका माणसाची लाज मी सुंदर अक्षरात लिहून पाठवली. मला राग आला होता आणि तो कुणावर तरी काढायचा होता. चार बोटांचा माणूस सोपा पडला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, “एंटर कुठे होतं?”

“डाव्या अंगठ्याखाली.”

“तिथे सोडून सगळीकडे दाबलं मी,” म्हणाले, आणि आपला डावा अंगठा बघत राहिले.

काजितानीबाईंना मी दुसरं पत्र दिलंय. तेही बैठकीत मोठ्याने वाचायला सांगितलंय, पहिल्याइतक्याच मोठ्याने.

आता तुझं. कीबोर्ड विकून टाकते, फेकून देते, असलं नाटक करू नकोस. त्याने तू सांगितलं तेच केलं. तो चांगलाच असणार, तुझं मनगट बरं केलं त्याने. तोच तर त्रास आहे, त्याच्यावर खापर फोडायची सोय नाही. ऑफिसात वापर, घरी वापर. आपल्या कामाला नेशील तर अक्षरं असलेला, कुणीही येऊन बसू शकेल असा, अडकणारा असला तरी चालेल. तुझे दोन्ही हात धड होते आणि एकही वर गेला नाही. हे कुठल्या दुकानात दुरुस्त करतात मला माहीत नाही.

अकुनेबाईंकडे जा. पत्र पाठवू नकोस. स्वतः जा, आणि त्या काय म्हणतात ते मला कळव.

फुमिए


ओकायामा, १० जुलै

आत्या,

जाऊन आले. दोघांकडेही.

उसुइसानांच्या दारात मी डोकं जमिनीला टेकवलं. ते ‘असू द्या’ म्हणाले नाहीत. मला त्याचं बरं वाटलं. म्हणाले, “मी मंडळात परत येईन. पण काही दिवस तुमच्या शेजारी बसवू नका मला.” त्यांच्या बायकोने चहासुद्धा विचारला नाही.

अकुनेबाईंनी मला घरात घेतलं. मी जाड पेन आणि मोठी वही नेली होती. सगळं लिहिलं. कीबोर्ड, एंटर, मी खिडकीशी उभी होते ते, हात वर केला नाही ते. त्या प्रत्येक पान वाचून शांतपणे उलटत होत्या. मला वाटलं होतं त्या ओरडतील. आवाज अजून इतका मोठा आहे त्यांचा, की एका खोलीत बसूनही बसमधल्या शेवटच्या रांगेला सांगितल्यासारख्या बोलतात. त्या जे बोलल्या ते मी तिथेच वहीत उतरवून घेतलं. आपल्या कामात आपण वाक्यं आटोपशीर करतो, पण हे तसं केलं नाही.

त्या म्हणाल्या, “पडदा कोरा होता ना, तेव्हा मला वाटलं, कुणी काही बोलत नाहीये. पडद्यावर काही नाही म्हणजे सभेत शांतता आहे, असंच मी धरून चालते. दुसरं कसं कळणार मला? मला वाटलं, बेलचा विषय आला आणि सगळे माझ्यासाठी थांबलेत. मी म्हटलं, किती चांगली माणसं आहेत, आणि मी उगीच पाच वर्षं यांच्यावर चिडून होते. एवढ्या लोकांसमोर पाच वर्षांनी बोलणार होते मी. कागद सरळ केला, घसा साफ केला, उठले. आणि मी उठले तेवढ्यात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी हो, पुढच्या रांगेतल्या त्या खाष्ट बाईनेसुद्धा. मला वाटलं, माझ्यासाठीच. मग मी सगळीकडे वळून वाकून आभार मानले. दोनदा.”

मी पेन खाली ठेवलं. त्यांनीच वही आपल्याकडे ओढली, माझं शेवटचं पान पुन्हा वाचलं आणि परत माझ्यापुढे सरकवली.

नवी सभा २७ ऑगस्टला ठरलीय. सव्वीस सह्या झाल्या. उसुइसान लिहायला बसणार आहेत, मंडळाच्या साध्या कीबोर्डवर, आणि काजितानीबाई त्यांच्या शेजारी. मी अकुनेबाईंना विचारलं, मी आलेली चालेल का, नुसती कोपऱ्यात उभी राहीन. त्यांनी तेही पान वाचून उलटलं.

मग म्हणाल्या, “या. माझ्याच शेजारी बसा. बाकी काही करू नका. फक्त टाळ्या वाजल्या की मला आधी सांगा, कुणासाठी आहेत त्या.”

मादोका